गोल शिक्क्याचं पत्र

अकोल्याहून साताऱ्याला पोहोचायला मला दीड दिवस लागला आणि सात वर्षं. दीड दिवस आगगाडीचा आणि एस.टी.चा, सात वर्षं माझी स्वतःची. गाडीतल्या हालांचं वर्णन करत बसत नाही. ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांना ते ठाऊक आहेत, आणि ज्यांनी केला नाही त्यांना मी कशाला घाबरवू?

मी भूगोलाचा मास्तर. पंचवीस वर्षं दर साली भूकंपाचा धडा शिकवला, फळ्यावर पृथ्वीचा काप काढला, मुलांकडून व्याख्या पाठ करून घेतल्या. स्वतः मात्र कधी भूकंप पाहिला नव्हता. पोहण्यावर व्याख्यान देणाऱ्यानं विहीर न पाहावी, तसं हे.

माझी धाकटी बहीण कुसुम कोयनेच्या खोऱ्यात दिली होती. मेहुणे तेव्हा पलटणीत होते. कामठीच्या छावणीत असताना सोयरीक जुळली आणि आमची वऱ्हाडची मुलगी सह्याद्रीच्या कुशीत नांदायला गेली. सदुसष्ट सालच्या दसऱ्याला तिचं पत्र आलं. जमिनीतून गाडी गेल्यासारखा आवाज येतो, मांडणीवरची भांडी वाजतात, लोक अंगणात झोपू लागले आहेत. ‘दादा, तू भूगोल शिकवतोस. तुला काय वाटतं?’

मला काय वाटायचं होतं? पुस्तकात होतं तेच वाटलं. मी उलट टपाली लिहिलं : ‘दख्खनचे पठार हा पृथ्वीवरील अत्यंत प्राचीन व स्थिर भूभाग आहे. भिण्याचे कारण नाही. निर्धास्त असावे.’ डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला. पहाटे सगळे घरात झोपेत असताना भिंत पडली, आणि मेहुणे गेले. कुसुमला शेजाऱ्यांनी ढिगाऱ्यातून ओढून काढलं.

मी लगेच जायला हवं होतं. तेव्हा माझी पत्नी अंथरुणाला खिळलेली होती, हे खरं. पण मी ‘येऊ का?’ म्हणून विचारलं आणि कुसुमचं कार्ड आलं, ‘येऊ नकोस,’ तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं. पुढे दर दिवाळीला मी विचारायचं आणि तिनं ‘येऊ नकोस’ लिहायचं, असा परिपाठच पडला. माझं तोंड पाहायची तिची इच्छा नाही, असा अर्थ मी घेतला. दुसरा कुठला अर्थ निघत होता?

दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली. मूलबाळ नाही. संध्याकाळी शाळेतून आलो की कुलूप काढायचं, दिवा लावायचा आणि आपल्याच पावलांचा आवाज ऐकायचा. म्हणून या दिवाळीच्या सुटीत न विचारताच निघालो. कुसुमची क्षमा मागायची आणि तिला अकोल्याला घेऊन यायचं, एवढंच ठरवलं होतं. ती आता सांगली जिल्ह्यात पलूसला बालवाडी चालवते. सरळ तिकडे जाण्याची हिंमत होईना. म्हणून आधी साताऱ्याला उतरलो, म्हटलं, जिथं हे सगळं घडलं ते गाव तरी बघू.

सातारा

साताऱ्यात दोन दिवस काढले. काही काम नव्हतं. ज्याला पुढे जायचं नसतं त्याला साताऱ्यात पाहण्यासारखं पुष्कळ सापडतं. कंदी पेढे घेतले, चार खाल्ले, उरलेले बहिणीसाठी बांधून ठेवले, आणि अजिंक्यतारा चढलो.

वर धापा टाकत बसलो आणि समोरच्या डोंगरांकडे पाहिलं. पायऱ्या पायऱ्यांचे डोंगर. एकेक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक थर, आणि दगड तोच, माझ्या घराच्या पायात आहे तो काळा कातळ. इतकं दूर आलो तरी पायाखाली तोच. या कातळाच्या भरवशावरच आम्ही मास्तर लोक ‘स्थिर, स्थिर’ म्हणून ओरडत होतो.

आता शास्त्रज्ञ वेगळंच सांगू लागले आहेत. आमच्या वाचनालयात आलेल्या एका मासिकात मी ते वाचलं आणि तीनदा वाचलं. पृथ्वीचं कवच म्हणे अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, आणि तापल्या दुधावरची साय भांडं कलतं केलं की सरकते, तसे ते सरकतात. वर्षाला इंच-दोन इंच. आपला भारत ज्या तुकड्यावर बसला आहे तो उत्तरेकडे चालला आहे, आशियाला ढुशी देतो आहे, आणि त्या रेटारेटीत हिमालयाला सुरकुत्या पडून तो वर येतो आहे. तुकडे एकमेकांना घासतात तिथं खडक अडकून बसतो, ताण साठतो, आणि एक दिवस तो असह्य होऊन खडक सरकतो. तो झाला भूकंप. वाचून मला हसू आलं. मी दक्षिणेकडे तिकीट काढून बसलो होतो आणि जमीन मला घेऊन उत्तरेकडे निघाली होती.

पण कोयना काही तुकड्याच्या काठावर नाही, पोटात आहे. मग तिथं का? काही जण म्हणतात, काळ्या कातळाखाली जुन्या भेगा आहेत, आणि धरणात साठलेल्या पाण्याच्या भारानं त्या जाग्या झाल्या. काही जण म्हणतात, तसं काही नाही, ताण आधीचाच होता. विद्वानांचं भांडण अजून चालू आहे. पंचवीस वर्षं ज्या विषयावर मी पट्टी आपटून बोललो, त्यातलं मूळचंच कुणाला पक्कं ठाऊक नव्हतं, हे किल्ल्यावर एकट्यानं पचवायला कठीण गेलं.

खोऱ्यातलं गाव

कराडहून पाटणमार्गे गाडी खोऱ्यात शिरली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नदीच्या वर उतारावर वसलेलं, भाताची कापणी उरकत आलेली. मला वाटलं होतं, उजाड ओसाड काही बघायला मिळेल. तसं नव्हतं. पत्र्याची हलकी घरं, दारात झेंडू, कोंबड्या. जुन्या घरांचे दगड रचून शेताला बांध घातले होते.

चहा सुभेदारांकडे झाला. पलटणीतून निवृत्त झालेला हा म्हातारा खरा कोणत्या हुद्द्याचा ते कळलं नाही, पण गाव त्यांना सुभेदारच म्हणतं.

“कुठलं पावणं?” त्यांनी विचारलं.

“बुलढाण्याचा,” मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. अकोला म्हणायला जीभ वळली नाही. “भूकंपाची माहिती घ्यायला आलोय.”

“घ्या की लागंल तेवढी. हितं तेवढीच फुकट मिळती.”

घरात शिरताना एक गोष्ट लक्षात आली. भिंतीला फळी नाही, मांडणी नाही. हंडे, डबे, वरवंटा, सगळं जमिनीवर. आमच्याकडे वऱ्हाडात पितळेची भांडी जितकी उंच रचावीत तितकी घराची शोभा. इथं डोक्याच्या वर छपराखेरीज काही ठेवायचं नाही, हा घराघरात पाळला जाणारा नियम. दाराला आतून कडीही नव्हती. झोपेत असताना ती काढण्यात वेळ जायला नको म्हणून.

गुळाचा चहा ओठाला लावला आणि जमिनीखालून काही तरी घरघरलं. बशी थरथरली. दोनेक क्षण, बस. माझ्या आयुष्यातला पहिला भूकंप. पंचवीस वर्षांच्या अनुभवी भूगोल शिक्षकानं काय केलं म्हणाल, तर बशीसकट उडी मारून दाराबाहेर पळ काढला आणि एक पाय शेणाच्या पाटीत घातला. सुभेदारांची सून जात्यावर नाचणी दळत होती. तिनं नुसता हंड्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं दळण चालू ठेवलं.

“बसा, बसा,” सुभेदार हसत म्हणाले. “ह्यो काय भूकंप न्हवं. ही तर खोड हाय त्येची.”

पाय धुऊन बसल्यावर त्यांनी मलाच धडा दिला. “आधी आवाज येतोय, मग झोका. मधी मोजायचं. हितं एक म्हणूस्तवर झोका येतोय, म्हंजे खालीच हाय. पलूसला आमची मान्सं गेल्यात, ती सांगत्यात, मोठा असला तर तिथं सात-आठ आकडं मोजून हुत्यात. जेवढं आकडं जास्त, तेवढं लांब.”

पुस्तकात हेच आहे. भूकंपाच्या केंद्रातून दोन तऱ्हेच्या लाटा निघतात. पुढची वेगानं धावते आणि गुरगुरते, मागची सावकाश येते आणि झोका देते. दोघींतलं अंतर मोजून केंद्र किती दूर ते काढतात. मी हे फळ्यावर आकृती काढून शिकवतो आणि अर्ध्या मुलांना कळत नाही. इथं ते दळणाऱ्या बाईलाही येत होतं.

“तेव्हा तुम्ही लोक बाहेर झोपत होता म्हणे?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“झोपत हुतो की. गणपतीच्या दिसांत लय मोठा हादरा बसला, तवापासनं समदं गाव आंगणात. मग पत्र आलं. हितल्या एका सूनबाईचा भाऊ अकोल्याकडं मास्तर हाय. त्येनं लिवलं, जमीन थिर हाय, कायबी भ्या न्हाई. चावडीम्होरं वाचलं पत्र, समद्यांनी ऐकलं.”

मी बशी जमिनीवर ठेवली.

“एका मास्तराच्या पत्रावर विश्वास ठेवलात?”

“आवं, साधंसुधं पत्र न्हवतं! वर छापील नाव, खाली गोल शिक्का. गोल शिक्का म्हंजे वरचा हुकूमच की. तलाठ्याचा गोल, पोस्टाचा गोल, आमच्या पलटणीचा गोल. चौकोनी असता तर इचार केला असता. थंडी बी पडाय लागलीच हुती. गेलो आत.”

तो शिक्का मी का मारला होता, ते सांगतो. काही कारण नव्हतं. त्या दिवशी मुख्याध्यापक रजेवर होते, कार्यालयाची किल्ली माझ्याकडे होती. शाळेच्या छापील कागदावर लिहावं, सहीखाली शिक्का उमटवावा, बहिणीच्या सासरी जरा वजन पडावं, एवढाच शौक. एक मेहुणे गेले असं समजून मी सात वर्षं झुरत होतो. आता कळलं की सगळं गाव माझ्या शिक्क्यावर आत झोपायला गेलं होतं.

“कोण कोण गेलं त्यात?” मी कसंबसं विचारलं.

सुभेदारांनी सुनेकडे पाहिलं आणि म्हणाले, “हिची थोरली जाऊ. माझी थोरली सून.”

“त्या मास्तराला कुणी काही कळवलं नाही?”

“त्येला काय कळवायचं? त्येला काय जमिनीच्या आतलं दिसत हुतं?”

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, ‘सुभेदार, तो मास्तर मीच.’ नाही म्हणालो. म्हाताऱ्यानं मला हुलग्याचं माडगं पाजलं, नाचणीची भाकरी वाढली, वाटेला म्हणून मूठभर नवे तांदूळ फडक्यात बांधून दिले, आणि मी बुलढाण्याचा म्हणूनच त्या गावातून निघालो. आजवर मी स्वतःला भित्रा समजत होतो. त्या गाडीत बसल्यावर माझ्यासाठी योग्य शब्द शोधत होतो आणि तो सापडला नाही.

पलूस

खोऱ्यातून खाली उतरलं की डोळ्यांना एकदम मोकळं वाटतं. काळी सपाट जमीन, दोन्ही बाजूंना ऊस, मधेच द्राक्षांचे मांडव. गाडीत तासगावचे दोन बागाईतदार छाटणीनंतर पडलेल्या ढगाळ हवेवरून तावातावानं बोलत होते. या मुलखात आभाळाची काळजी करतात, जमिनीची नाही. मला त्यांचा हेवा वाटला.

स्टँडवर बालवाडीच्या बाईंचं घर विचारलं. एका बाईनं पोराला कडेवर सरकवत सांगितलं, “आक्काचं व्हय? मळ्याकडंला पत्र्याची खोली. भायेर खाट दिसंल बगा, तीच.”

खाट दिसली. तिच्यावर घोंगडी घडी करून ठेवलेली. कुसुम दारात वाकून मसूर निवडत होती. केस पांढरे झाले होते. चाळिशीतली माझी बहीण मला क्षणभर ओळखू आली नाही. तिनं मात्र सावली पाहूनच मान वर केली.

“दादा? तू आलास व्हय?”

ते ‘व्हय’ माझ्या काळजाला लागलं. आमच्या घरात ‘काहून’ आणि ‘कुठी’ म्हणत वाढलेली पोर. वीस वर्षांत तिची बोली इकडची झाली होती आणि तेवढ्या काळात तिच्याशी बोलायला आमच्यापैकी कुणीही आलं नव्हतं.

तिनं राग केला नाही, रडलीही नाही. पाय धुवायला पाणी दिलं, तिच्या वहिनीच्या शेवटच्या दिवसांचं विचारलं, पेढ्यांचा पुडा कपाळाला लावून ठेवला. अख्खा मसूर, ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा खर्डा वाढला. मी तिखटात वऱ्हाडी, तरी डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या निमित्तानं येत असलेलं दुसरंही पाणी लपलं.

जेवताना रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. पत्रे थरथरले. कुसुम बोलता बोलता उठली, अंगणात जाऊन उभी राहिली. तिच्या ओठांची हालचाल मला दिसली, ती आकडे मोजत होती. ट्रॅक्टर दूर गेल्यावर आत आली आणि अर्ध्यावर सोडलेलं वाक्य पुढे बोलू लागली. आपण उठून गेलो होतो हे तिच्या ध्यानातही नसावं.

मी ताट बाजूला सारून म्हणालो, “कुसुम, मी खोऱ्यात जाऊन आलो. सुभेदारांना भेटलो. त्यांनी पत्राचं सांगितलं. चावडीपुढं वाचलेल्या पत्राचं.”

तिचा हात भाकरीवर थांबला. “सांगितलं त्यांनी?”

“मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी खोटं गाव सांगितलं.” मग मात्र मला थांबता आलं नाही. “मला तो शिक्का मारायचा काही अधिकार नव्हता. मला काही ठाऊकही नव्हतं. तू विचारलंस तेव्हा पुस्तक उघडलं आणि उतरवून काढलं. सात वर्षं तू मला येऊ देत नव्हतीस ते बरोबरच होतं. मेहुण्यांनी ते पत्र चावडीवर नेलं, आणि…”

“त्यांनी न्हाई नेलं,” कुसुम म्हणाली.

“मग?”

“ते चारचौघांत तोंड उघडायला लाजायचे. पत्र मी नेलं. मी वाचलं. दोनदा वाचलं, दादा. लोक म्हणाले, वहिनी, पुन्हा वाचा, म्हणून पुन्हा वाचलं. माझा भाऊ एवढा शिकलेला, मला लय अभिमान वाटला हुता.”

बाहेर द्राक्षाच्या मांडवात कुणी तरी मजुरांना हाक मारत होतं. कुसुम पदरानं हात पुसत राहिली.

“मग मला येऊ नको का म्हणत होतीस? मला वाटलं, माझ्यावर राग आहे.”

“तू आला असतास तर खोऱ्यात गेला असतास. तिथं कुणी तरी तुला सांगितलं असतं. एकटीनं सोसलं ते बास हाय म्हटलं. तुला कशाला? म्हणून दर दिवाळीला लिहीत हुते.”

सात वर्षं मी एका टोकाला आणि ती दुसऱ्या टोकाला, दोघं एकच ओझं वाहत होतो आणि दुसऱ्याला ते कळू नये म्हणून जपत होतो. पत्राला काही पैसे पडतात आणि बोलायला तेही नाहीत, पण आम्हाला जमलं नाही. मी पन्नाशीचा माणूस भरल्या ताटापुढे हमसून रडलो. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, लहानपणी मी तिच्या ठेवत असे तसा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुन्हा खोऱ्यात गेलो. सुभेदारांच्या ओट्यावर बसून मी सांगितलं, “मी बुलढाण्याचा नाही, अकोल्याचा.” म्हाताऱ्यानं कुसुमकडे पाहिलं. मग सुनेला म्हणाला, “पोरी, पावण्यांस्नी बसाय पाट दे.” माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही मागण्याचा धीर केला नाही. पाट दिला, त्यावर बसलो.

परतताना गाडीत मी कुसुमला म्हटलं, “माझ्याबरोबर अकोल्याला चल. मी एकटा आहे, तूही एकटी आहेस. तिकडच्या बालवाडीत तुला घेतील.”

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “तिकडं जमीन हलत न्हाई ना?”

जिभेवर उत्तर तयार होतं. तोच कातळ, तेच पठार, तेच पुस्तक. मी ते गिळलं.

“माहीत नाही, कुसुम. कुणालाच माहीत नाही.”

ती पहिल्यांदा हसली. कराडला उतरल्यावर म्हणाली, “वर्ष संपू दे बालवाडीचं. उन्हाळ्यात येते. पण एक सांगते, मी घरात झोपणार न्हाई. थंडी असू दे, काही असू दे. खाट अंगणात टाकायची.”

मी ‘हो’ म्हणालो. तिला सांगितलं नाही की मी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतो आणि आमच्याकडे अंगण नाही.

परत आल्यापासून शाळा सुटली की मी अकोल्यात घरं बघत हिंडतो आहे. घरमालक मला ओळखतात, मुलं त्यांची माझ्याच हाताखाली शिकली. खोल्या कशा का असेनात, मी थेट मागच्या दारी जाऊन मोकळी जागा पावलांनी मोजतो. परवा एकानं विचारलंच, “मास्तर, एकट्या माणसाला एवढं अंगण काय करायचं?”

म्हटलं, “दोन खाटा टाकायच्या आहेत.”